दोन खुणा जास्त

कमरेत सुई देऊन दिलेली भूल कुठपर्यंत चढेल, हे छातीठोकपणे सांगणाऱ्या भूलतज्ज्ञावर विश्वास ठेवू नये. मी सांगायचे. दोन हजारनंतरची पहिली पाच-सहा वर्षं तर मी ते अशा ठसक्यात सांगायचे की आता आठवलं की स्वतःचेच कान धरावेसे वाटतात.

माझं स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं. राहायला बदलापूर आणि काम बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर असं पसरलेलं. ज्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन असेल तिथून फोन यायचा आणि मी स्कूटीवर पायांशी बॅग ठेवून निघायचे. पूजेला भटजी बोलावतात, तसलाच प्रकार. भटजींना निदान कोणीतरी पाट मांडून ठेवतं, मला पुष्कळदा स्टूलही शोधावं लागायचं. सर्जनचं नाव लोक नातवंडांना सांगतात. भूल देणारी बाई कोण होती ते दुसऱ्या दिवशी पेशंटलाही आठवत नाही. याचा मला तेव्हा राग यायचा आणि अजूनही येतो, खोटं कशाला बोलू.

हे औषध कसं वागतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पाठीच्या कण्यात मज्जारज्जूभोवती पाणी असतं. त्या पाण्यात आपण थोडंसं औषध सोडतो. औषधात साखर मिसळलेली असते, त्यामुळे ते त्या पाण्यापेक्षा जड असतं आणि उतार मिळेल तिकडे जातं. पेशंट बसून राहिला तर खाली साचतं. त्याला आडवं केलं आणि पायांकडची बाजू खाली असली तर पायांकडे सरकतं, डोक्याकडची खाली असली तर डोक्याकडे. बुटक्या माणसाला कमी पुरतं. दिवस भरलेल्या बाईला त्याहून कमी, कारण पोटातल्या बाळाच्या दाबाने कण्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि त्या पाण्याला जागा कमी उरते. सिझेरियनसाठी भूल छातीपर्यंत चढावी लागते. त्याच्या खाली राहिली तर बाई ओरडते. फार वर गेली तर श्वास घेणारे स्नायूच झोपतात. मधली जागा चार बोटांची, आणि ती गाठायला हातात असते पाच मिलीची एक सिरिंज आणि तिच्यावरच्या खुणा. एक खूण म्हणजे एका मिलीचा पाचवा भाग.

उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारामागे एक नर्सिंग होम होतं. तिथे मी नऊ वर्षं जात होते. आधी त्या जागेत जीन्स धुवायचा कारखाना होता. तो हलला, आमच्या सर्जननी जागा घेतली, भिंतींना हिरव्या टाइल्स लावल्या आणि ऑपरेशन थिएटर तयार झालं. फरशी तेवढी कारखान्याचीच राहिली. टेबल जुनं होतं, डोक्याकडची बाजू वर-खाली करायचं हँडल गंजून बसलं होतं. सर्जन दर महिन्याला म्हणायचे, या महिन्यात करून घेऊ.

त्या टेबलावर माझी भूल चढायला कुरकुर करायची. अंबरनाथला, बदलापूरला नऊ खुणा भरल्या की सिझेरियन बिनबोभाट व्हायचं. कॅम्पात नऊ खुणांना भूल बेंबीच्या थोडी वर येऊन थांबायची. इकडे सर्जन हात धुऊन उभे, "चढली का मॅडम, चढली का," पी हळद नि हो गोरी. तेव्हा मी तिथे अकरा भरायला लागले. काम व्हायला लागलं. का, हे मी शोधलं नाही. उलट एक सिद्धांतच काढला, की कॅम्पातल्या बायका खातात-पितात बऱ्या, त्यांच्या पाठी वेगळ्या, त्यांना दोन खुणा जास्त लागतात. आमच्या भूलवाल्यांच्या बैठकीत मी हे समोसा खात ऐकवलंही होतं आणि दोघातिघांनी मान डोलावली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

त्या थिएटरमध्ये एक मावशी होत्या. फरशी पुसण्यापासून हत्यारं उकळण्यापर्यंत सगळं त्या करायच्या. राहायला अंबरनाथ पश्चिमेला. पण माझ्या दृष्टीने त्यांचं खरं काम वेगळंच होतं. पाठीत सुई देताना पेशंटने पाठ गोल काढून अजिबात हलायचं नसतं, आणि घाबरलेली बाई नेमकी ताठ होते. मावशी तिच्यासमोर उभ्या राहायच्या, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मांजरीसारखी पाठ काढ. घाबरू नको, मी धरलंय तुला." सिंधी बाई असली तर तेच हिंदीतून. त्यांच्या हातात बाई मऊ पडायची आणि माझी सुई पहिल्या फटक्यात जायची. माझ्या नावाला कॅम्पात जी काही किंमत होती तिचा निम्मा वाटा मावशींच्या खांद्याचा होता, आणि मी ते त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

मावशींना एकच मुलगी. जवळच्याच जांभूळ गावात दिलेली. नवरा एमआयडीसीत कामाला, घरी थोडी भातशेती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली होती. बाळ आडवं होतं, तेव्हा सिझेरियन ठरलं, आणि मावशींनी सर्जनना सांगितलं की भूल याच मॅडम देतील. मला आतून बरं वाटलं. वरून मी म्हटलं, "मावशी, तुम्ही त्या दिवशी बाहेर थांबा. स्वतःच्या पोरीला बघवत नाही."

"मी नाही धरलं तर कोण धरणार?" त्या म्हणाल्या.

मी डायरी काढून तारीख लिहून घेतली.

त्या दिवशी सकाळी मी थिएटरमध्ये शिरले तर टेबल फिरवलेलं. नऊ वर्षं डोकं दाराकडे आणि पाय खिडकीकडे असायचे, आता डोकं खिडकीकडे. मी विचारलं, हे काय. मावशी ट्रे लावत होत्या, मागे न बघता म्हणाल्या, "लाइटचा काय भरवसा मॅडम. खिडकी तुमच्या बाजूला आली म्हणजे पेशंटचं तोंड तरी दिसेल तुम्हाला." तेव्हा दिवसाला पाच-सहा तास लोडशेडिंग असायचं आणि इन्व्हर्टरवर एकच दिवा चालायचा. कारण पटण्यासारखं होतं. शिवाय नऊ वर्षांत कोणीतरी माझ्या सोयीचा विचार केला, या आनंदात मी पुढे काही विचारलंच नाही.

पोरगी अंगाने बारीक आणि उंचीला जेमतेम माझ्या खांद्याएवढी. मी औषध भरायला घेतलं तेव्हा नवव्या खुणेवर माझा अंगठा थांबला होता. हे मला पक्कं आठवतं. डोक्यात आलं, बुटकी आहे, दिवस भरलेत, कमीच भर. मग दुसरा आवाज म्हणाला, हे कॅम्पातलं टेबल आहे, आणि पोरीला मधेच दुखलं तर आई समोर उभी आहे. मी अकरा खुणा भरल्या.

मावशींनी लेकीचं डोकं खांद्यावर घेतलं. "मांजरीसारखी पाठ काढ," नेहमीसारखंच म्हणाल्या. पुढचं नेहमीचं वाक्य मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. सुई पहिल्या फटक्यात गेली, औषध गेलं, आम्ही तिला आडवं केलं. स्पिरिटचा बोळा लावून मी गार लागतंय का विचारत वर वर गेले. मांडी, बेंबी, बरगड्या. तिसऱ्या मिनिटाला छातीपर्यंत गार लागत नव्हतं. वा, म्हटलं, आज लवकर चढली. मी सर्जनना मान हलवून खूण केली, त्यांनी सुरी लावली.

पाचव्या मिनिटाला पोरगी म्हणाली, "मॅडम, हातांना मुंग्या आल्यात."

मी माझी बोटं तिच्या मुठीत दिली आणि दाब म्हटलं. तिने दाबली, ती दाबली की नाही हे मला शोधावं लागलं. मग ती काहीतरी बोलली ते ऐकूच आलं नाही, नुसते ओठ हलले. ब्लड प्रेशर वरचं साठ. नाडी उतरायला लागलेली. आणि खिडकीच्या त्या चांगल्या उजेडात मला तिचे ओठ निळे पडताना स्वच्छ दिसले.

यानंतर मी जे केलं ते कुठल्याही भूलतज्ज्ञाने केलं असतं, त्यात कौतुकाचं काही नाही. प्रेशर वाढवायचं इंजेक्शन दिलं, नाडीसाठी अॅट्रोपिन, सलाइन पूर्ण उघडलं, ऑक्सिजनचा मास्क लावून पिशवी दाबायला लागले. सर्जनना म्हटलं, "बाळ काढा, आत्ताच्या आत्ता." मग तिच्या घशात नळी घातली आणि नळीला पिशवी जोडली. मी दाबली की तिची छाती वर यायची, सोडली की खाली. स्वतःहून ती एक श्वास घेत नव्हती. पण डोळे उघडे होते आणि तिला सगळं कळत होतं. बाळ बाहेर येईपर्यंत तिला झोपेचं औषध द्यायची माझी हिंमत नव्हती, प्रेशरच नव्हतं तेवढं.

मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "घाबरू नको. तुझा श्वास मी घेतेय. तू नुसती पडून राहा."

मावशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लेकीचे पाय धरून उभ्या होत्या. त्या पायांना काही कळत नव्हतं तरी धरून उभ्या होत्या. एकदाच म्हणाल्या, "मॅडम, माझी एकच आहे." मी पिशवी दाबत राहिले.

बाळ निघालं. मुलगी. सिस्टरने पाठ चोळली, पाय हलवले, आणि बऱ्याच वेळाने ती रडली. मग मी बाळंतिणीला झोपेचं थोडं औषध दिलं आणि पिशवी दाबत राहिले. तासाभराने पोरीची छाती स्वतःहून थोडी हलली. मग जास्त हलली. बोटं हलली. दुपारी मी नळी काढली तेव्हा तिने पहिलं काय विचारलं असेल तर, "आई जेवली का?" मी थिएटरच्या मागच्या मोरीत जाऊन तोंड धुण्याच्या निमित्ताने रडून घेतलं. रडताना मला भीतीपेक्षा अपमान जास्त वाटत होता. नऊ वर्षं एका टेबलाला ओळखते असं म्हणणारी मी.

संध्याकाळी पोरीला खोलीत हलवल्यावर मी थिएटरमध्ये कागद भरत बसले होते. मावशी फिनेलचं पाणी टाकून फरशी धुवत होत्या. त्यांना घरी जा म्हटलं तर म्हणाल्या, हे आवरलं की जाते. मी नुसती बघत होते. पाणी दाराकडून निघालं आणि टेबलाखालून, कोणी न ढकलता, सरळ खिडकीखालच्या भोकाकडे गेलं. कारखान्यात जीन्स धुतल्यावर पाणी निघून जावं म्हणून त्या फरशीला उतार दिलेला होता. हे पाणी मी शंभर वेळा तरी पाहिलं असेल. मी उठले आणि औषधाची रिकामी गोल बाटली टेबलावर आडवी ठेवली. ती डोक्याच्या बाजूला गडगडत गेली आणि खाली पडली. आवाज झाला तशा मावशी वळल्या. "हातातून पडली," मी म्हटलं.

म्हणजे नऊ वर्षं त्या टेबलावर पेशंटचे पाय उताराला होते. माझं औषध पायांकडे पळत होतं, आणि मी कॅम्पातल्या बायकांच्या पाठींना नावं ठेवत दोन खुणा जास्त भरत होते. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण दुसऱ्याला हिणवतो. इथे अंगण खरंच वाकडं होतं आणि ते न बघता नाचल्याचा तोरा मी मिरवत होते. त्या दिवशी टेबल फिरलं, डोकं उताराला आलं, आणि अकरा खुणा एका बुटक्या, दिवस भरलेल्या पोरीच्या पाठीत वरच्या दिशेने निघाल्या.

टेबल का फिरलं, हेही मला त्याच क्षणी कळलं. खिडकी दक्षिणेला होती. आमच्या घरीही कोणाला दक्षिणेकडे पाय करून झोपू देत नसत, ती यमाची दिशा. नऊ वर्षं मावशींनी त्याच टेबलावर शेकडो बायकांचे पाय दक्षिणेला ठेवले होते आणि त्यांच्या मनात काही आलं नव्हतं. लेकीची पाळी आली तेव्हा हात धजला नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. माझं कोणी त्या टेबलावर असतं तर मीही कदाचित खिडकीचं निमित्त सांगितलं असतं.

त्यांनी विचारलं, "मॅडम, काय झालं होतं?"

"कधीकधी औषध वर चढतं," मी म्हटलं. "प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं."

हे वाक्य खोटं नव्हतं, म्हणून मला ते सहज बोलता आलं. यांना काय सांगायचं, की तुम्ही लेकीला वाचवायला गेलात आणि तिला मारत होतात? नाही सांगायचं, असं मी ठरवलं आणि त्याला मनात दया असं नाव दिलं. सर्जनना फक्त फरशीचा उतार सांगितला. त्यांनी खिडकीकडच्या बाजूला टेबलाच्या पायांखाली फरशीवर लाकडाच्या चकत्या बसवून घेतल्या. पुढच्या आठवड्यात गेले तर टेबल पुन्हा जुन्या दिशेला. मी कोणी फिरवलं ते विचारलं नाही. त्या दिवसापासून बॅगेत एक रिकामी बाटली ठेवायला लागले, आणि जिथे जाईन तिथे आधी ती टेबलावर ठेवून बघायला लागले. लोक हसायचे. हसू देत.

पुढे मावशींनी गुडघ्यांमुळे कॅम्पातलं काम सोडलं आणि घराजवळच अंबरनाथ पश्चिमेच्या एका नर्सिंग होमला लागल्या. तिथे मला कधी बोलावणं नसायचं. तीन वर्षांनी त्यांचा फोन आला. पोरीचं दुसरं बाळंतपण, सिझेरियनच करावं लागणार होतं. "ती म्हणते पाठीत सुई नको. म्हणते, त्या मॅडम असतील तरच घेईन. त्यांनी माझा श्वास घेतला होता म्हणते," मावशी म्हणाल्या. मी येते म्हटलं.

मी पोचले तेव्हा थिएटरची फरशी टेबलाखाली ओली होती आणि मावशी हातात रिकामा तांब्या घेऊन उभ्या होत्या. पोरीला अजून आत आणलं नव्हतं. मी बॅगेतून बाटली काढली, तशा त्या म्हणाल्या, "फरशी मी बघितली मॅडम. पाणी ओतून बघितलं. हलत नाही कुठं, जागच्या जागी राहतं. तुम्ही टेबल बघा."

मी बाटली टेबलावर ठेवली. तीही जागच्या जागी राहिली.

"आणि पाय दक्षिणेलाच आहेत," त्या म्हणाल्या. "राहू देत."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या दिवशी बाटली पडली तेव्हाच त्यांना कळलं होतं, की औषधही उताराला जातं आणि टेबल आपण फिरवलं होतं. रात्री घरी जाऊन ताटात पाणी ओतून, खाली वाटी सरकवून बघितलं होतं म्हणे. तीन वर्षं त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, पोरीलाही नाही. नातीला मांडीवर घेतलं की आठवायचं, म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही मला बोलला नाहीत. तुमचे उपकार आहेत."

उपकार हा शब्द ऐकून मला राहवेना. मी त्यांना खुणांचं सांगितलं. टेबल फिरवल्यामुळे थोडी भूल चढली असती, पण मी नऊच्या जागी अकरा भरल्या नसत्या तर ती श्वासापर्यंत गेली नसती बहुतेक. नऊ वर्षं मी तिथे जास्त भरत होते आणि का, हे कधी बघितलं नाही. त्या दिवशी अंगठा थांबला होता तरी भरलं. हे सगळं मी त्यांच्यापासून लपवलं होतं, आणि सर्जनपासूनही.

मावशींनी तांब्या खाली ठेवला, परत उचलला.

"म्हणजे माझ्या एकटीचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही. अर्ध्याहून जास्त माझं होतं."

"मग सांगायचं होतं ना मॅडम." आवाज चढवला नाही, रडल्याही नाहीत. "तीन वर्षं."

मला क्षमा मागायची होती, पण तेवढ्यात पोरीला आत आणलं. ती टेबलावर बसली, माझ्याकडे बघून हसली, आईकडे एकदा बघून सुईसाठी माझ्याकडे पाठ करून वाकली. मी औषध भरायला घेतलं. मावशी तिच्यासमोर गेल्या नाहीत, आधी माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

"आठ," मी म्हटलं आणि सिरिंज खिडकीच्या उजेडात धरली.

त्यांनी बोट लावून एकेक खूण मोजली. आठवीपर्यंत जाऊन थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग पुढे जाऊन लेकीचं डोकं खांद्यावर घेतलं.